90 दिवसांचा आकडा आणि स्ट्राँगरूममधलं पाकीट

ऑडिट रिपोर्टात काही ओळी दरवर्षी ठरलेल्या असतात. त्यातली एक: "नेटवर्क उपकरणांवरील निष्क्रिय लोकल युझर अकाउंट 90 दिवसांनंतर आपोआप बंद होत नाहीत." लोकल म्हणजे त्या उपकरणातच नोंदलेलं खातं. शेजारच्या रकान्यात धोक्याची पातळी 'मीडियम' आणि त्याच्या शेजारी आमच्या उत्तरासाठी मोकळी जागा. मी कोल्हापूर भागातल्या एका नागरी सहकारी बँकेचं नेटवर्क सांभाळते, म्हणजे ती जागा भरायची जबाबदारी माझी.

माझ्याआधी ती एका व्हेंडरनं भरली होती. उत्तर म्हणून त्यांनी सिस्कोच्या स्विचवरच्या 'एक्झेक-टाइमआउट 5 0' या ओळीचा स्क्रीनशॉट चिकटवला होता. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.) पाच मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की चालू सेशन तुटतं, एवढाच त्या ओळीचा अर्थ. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्यानं बंद होत नाही. पण स्क्रीनशॉटमध्ये 'टाइमआउट' हा शब्द होता, ऑडिटरलाही तेवढा पुरला आणि मुद्दा निकाली निघाला. स्क्रीनशॉटवर चालणारं ऑडिट हा खरं तर वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

मुळात हा 90 चा आकडा येतो कुठून? कार्डाचे व्यवहार करणाऱ्यांना लागू असलेल्या पीसीआय डीएसएस या सुरक्षा मानकाच्या चौथ्या आवृत्तीत 8.2.6 हे कलम आहे: 90 दिवस न वापरलेली खाती काढा किंवा बंद करा. सीआयएस कंट्रोल्स ही सायबर सुरक्षेच्या उपायांची यादी 45 दिवस म्हणते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या स्टिग नावाच्या मार्गदर्शिका तर 35 वरच येतात. आकडा कुठलाही घ्या, भीती एकच. 2021 च्या मे महिन्यात अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी सायबर हल्ल्यामुळे बंद पडली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. हल्लेखोर आत आले होते ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. ते खातं कुणी वापरत नव्हतं, पण चालू होतं, आणि त्याला पासवर्डाखेरीज दुसरं कुलूप नव्हतं. त्यामुळे ऑडिटरच्या ओळीशी माझं भांडण नाही. ती ओळ उपकरणावर उतरवताना काय काय होतं, ते लिहिण्यासाठी ही पोस्ट.

आमच्याकडे सगळ्या जातीची उपकरणं आहेत. सहकारी बँकेत जशी असतात तशी: ज्या वर्षी जे टेंडरात बसलं ते.

शाखांमधले बरेच राउटर कॉमवेअर या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे आहेत. तिथे ही सोय तयारच मिळते: 'पासवर्ड-कंट्रोल लॉगिन आयडल-टाइम' आणि पुढे दिवसांचा आकडा. शेवटच्या यशस्वी लॉगिनपासून तेवढे दिवस उलटले की ते खातं निकामी. शून्य दिलं की ही मोजणीच बंद. गोम अशी की आकडा कुणी टाकायलाच लागत नाही. 'पासवर्ड-कंट्रोल इनेबल' केलं की आयडल-टाइम 90 हा डिफॉल्ट गपगुमान लागू होतो. पासवर्डाची लांबी वाढवायला म्हणून कुणीतरी हे फीचर चालू करतो आणि सोबत 90 दिवसांचं घड्याळही सुरू होतं. कॉन्फिगमध्ये, म्हणजे उपकरणाच्या सेटिंगच्या यादीत, त्याची ओळ दिसत नाही, कारण डिफॉल्ट गोष्टी छापायची तिथे पद्धत नाही.

सिस्कोच्या साध्या आयओएसवर (ही त्यांच्या उपकरणांची सिस्टिम, आयफोनची नव्हे) असं काही नाही. 'युझरनेम' लिहिलं की ते खातं पुसेपर्यंत राहतं. सिस्कोच्याच नेक्सस स्विचवर खात्यापुढे 'एक्सपायर' लिहून तारीख देता येते, पण ती नुसती मुदत. तुम्ही रोज लॉगिन करत असलात तरी त्या दिवशी खातं संपणार आणि वर्षभर फिरकला नाहीत तरी त्या दिवसापर्यंत चालू राहणार. बाहेरच्या माणसाला चार दिवसांसाठी खातं द्यायचं असेल तर मला ही पद्धत आयडल-टाइमपेक्षा कितीतरी बरी वाटते. काम कधी संपणार हे आपल्याला आधीच माहीत असतं, मग तो वापरायचा थांबला का याची वाट कशाला बघायची?

लिनक्सवर मात्र मोठाले लोक फसलेले मी पाहिलेत. आमच्या जंप सर्व्हरवर, म्हणजे ज्यातून पुढे सगळ्या उपकरणांवर जायचं त्या मशीनवर, कुणीतरी 'युझरअॅड -डी -एफ 90' चालवून ठेवलं होतं आणि रिपोर्टात 'इनअॅक्टिव्ह = 90' असं ठळक छापलं होतं. वाचणाऱ्याला वाटतं, 90 दिवस लॉगिन नाही की खातं बंद. तसं ते अजिबात नाही. लिनक्स पासवर्डाची माहिती शॅडो फाइलमध्ये ठेवतं. तिच्यात प्रत्येक खात्याची एक ओळ असते, कोलननं तोडलेले नऊ रकाने. त्यातला सातवा रकाना म्हणजे हा इनअॅक्टिव्ह. तो मोजतो ते पासवर्डाची मुदत संपल्यानंतरचे दिवस. पासवर्डाला कमाल वयच दिलेलं नसेल, पाचव्या रकान्यात ते नेहमीचं 99999 असेल, तर मुदत संपायला पावणेतीनशे वर्षं लागतील आणि त्यानंतर तुमचे 90 दिवस सुरू होतील. शिवाय 'युझरअॅड -डी' हा नुसता डिफॉल्ट बदलतो, आधीच्या खात्यांना तो लागत नाही. त्यांना एकेक करून 'चेज' ही मुदती बदलणारी कमांड द्यावी लागते.

लॉगिनवरून मोजायचं तर पॅमचं, म्हणजे लिनक्समधल्या लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेचं, 'लास्टलॉग' मोड्यूल आणि त्याला 'इनअॅक्टिव्ह=' हा पर्याय. तो खरोखर शेवटच्या लॉगिनची तारीख बघतो. रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, तो हात लावत नाही, आणि ते चांगलंच आहे. नाहीतर एक दिवस मशीनला मालकच उरला नसता.

याच मशीनवरची आणखी एक गोष्ट. गेलेल्या माणसाचं खातं 'पासडब्ल्यूडी -एल' नं लॉक केलं की आपल्याला वाटतं झालं. त्यानं पासवर्ड निकामी होतो. त्या माणसाची एसएसएच की, म्हणजे पासवर्डाऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, जर होम डिरेक्टरीत पडून असेल तर तो कीनं निवांत आत येऊ शकतो. त्या कमांडचं मॅन पेजच, म्हणजे माहितीचं पान, हे सांगतं आणि खात्याचीच मुदत संपवा म्हणतं: 'युझरमॉड --एक्सपायरडेट 1'. म्हणजे खातं 2 जानेवारी 1970 ला संपलं. इथे शून्य घालू नका. शून्याचा अर्थ काही ठिकाणी 'मुदतच नाही' असा लागतो, म्हणजे बंद करायला जाल आणि कायमचं उघडून याल.

आता कुरुंदवाड.

जुलै 2021. ज्यांनी महापुराचा तो आठवडा इकडे काढलाय त्यांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पाणी दोन्ही ओलांडून वर गेलेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू हायवे बंद, आणि कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळची आमची शाखा. शाखेतल्या लोकांनी रात्रीच राउटर, स्विच, यूपीएस उचलून वरच्या मजल्यावर नेलं. हे त्यांनी कुणी न सांगता केलं आणि म्हणून पुढचं सगळं शक्य झालं. लीज्ड लाइन, म्हणजे शाखेला मुख्य कार्यालयाशी जोडणारी भाड्याची लाइन, गेलेली होती. सिम घातलेलं 4जी राउटर तिथे होतं, त्यावरून कोअर बँकिंग जोडायचं तर शाखेच्या मुख्य राउटरवर दोन-तीन ओळी बदलायच्या होत्या. लोकांना औषधाला, जनावरांच्या वैरणीला पैसे हवे होते.

एरवी असे बदल मी मुख्य कार्यालयातून करते. राउटर माझं नाव-पासवर्ड टॅकॅक्स सर्व्हरला, म्हणजे कुणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरला, विचारतो, तो हो म्हणतो, मी आत. लाइनच नाही तेव्हा सर्व्हरही नाही. अशा वेळेसाठी प्रत्येक शाखेच्या राउटरवर एक लोकल खातं असतं. त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात, पाकीट शाखेच्या स्ट्राँगरूममध्ये, दोघांच्या ताब्यात. शाखेतल्या कारकुनानं मॅनेजरसमोर पाकीट फोडलं, लॅपटॉपला राउटरशी थेट जोडणारी कन्सोल केबल लावली आणि फोनवर मला म्हणाला, "मॅडम, घेतंय न्हाई की ओ."

पुन्हा टाका. कॅपिटल-स्मॉल बघा. शून्य आहे का ओ आहे बघा. घेत नव्हतं. पासवर्ड बरोबर होता. आदल्या वर्षीच्या ऑडिटनंतर व्हेंडरनं त्या राउटरवर पासवर्ड-कंट्रोल चालू केलं होतं आणि त्या खात्यानं कधीच लॉगिन केलेलं नसल्यासारखं होतं, कारण ते होतंच तशा वेळेसाठी. 90 दिवस केव्हाच उलटून गेले होते. हे कारण मला नंतर लॉग वाचताना कळलं. त्या क्षणी फक्त एवढं दिसत होतं की दार बंद आहे आणि किल्ली बरोबर आहे.

सुटका झाली ती बूट मेनूमधून. राउटर बंद-चालू करायचा, सुरू होताना कंट्रोल-बी दाबायचं, येणाऱ्या मेनूत कन्सोलचं ऑथेंटिकेशन एकदा वगळण्याचा पर्याय निवडायचा. फोन मध्येच कटत होता, यूपीएसची बॅटरी किती टिकेल माहीत नव्हतं आणि ज्यानं कन्सोलची काळी स्क्रीन आयुष्यात पाहिली नव्हती असा माणूस इंग्रजी मेनू मला अक्षर-अक्षर वाचून दाखवत होता. जमलं त्याला. मी त्याच्या जागी असते तर पहिल्या प्रयत्नात जमलं असतं का, शंकाच आहे.

हा नियमाचा दोष म्हणायचा का? मी बराच विचार केला. टॅकॅक्स आणि लोकल अशी जोडी लावताना क्रम असतो: आधी सर्व्हर, मग लोकल. हे 'मग' अनेकांना नीट कळत नाही. सर्व्हरनं नकार दिला म्हणून राउटर लोकल खात्याकडे वळत नाही. सर्व्हर उत्तरच देत नसेल तेव्हाच वळतो. म्हणजे सर्व्हर जिवंत आहे तोवर लोकल खात्यानं कुणी लॉगिन करू म्हटलं तरी होत नाही. ज्या नेटवर्कची व्यवस्था चोख, तिथे हे खातं जास्तीत जास्त निष्क्रिय. आणि आयडल-टाइम नेमका निष्क्रियतेला मारतो. आमच्या व्हर्जनवर तो आकडा अख्ख्या बॉक्सला एकच लागतो, एखादं खातं वगळून मोजायची सोय नाही.

उलट बाजू आणखी मजेशीर आहे. रोज रात्री सगळ्या उपकरणांचं कॉन्फिग उतरवून घेणारी एक स्क्रिप्ट असते. तिचं खातं सगळीकडे असतं, बऱ्याच ठिकाणी पूर्ण अधिकारांसह, आणि पासवर्ड ज्यानं स्क्रिप्ट लिहिली त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या जुन्या मेलमध्ये, कदाचित व्हॉट्सअॅपवरही. हे खातं कधीच निष्क्रिय होत नाही. तो माणूस नोकरी सोडून पुण्याला जाऊन दोन वर्षं झाली तरी आयडल-टाइमच्या हिशेबात ते सगळ्यात गुणी खातं. ज्याची खरी काळजी करायची ते सुटतं आणि पुरात लागणारं अडकतं. असं खातं सापडायला दिवस मोजून उपयोग नाही, त्याला फक्त एकाच सर्व्हरच्या आयपीवरून येऊ द्यायचं आणि वाचण्यापुरताच रोल द्यायचा. कॉमवेअरवर त्यासाठी 'नेटवर्क-ऑपरेटर' हा तयार रोल आहे.

मग आता आम्ही काय करतो?

शाखांच्या राउटरवर आयडल-टाइम शून्य. हे ऑडिटरला पटवायला वेळ लागला, पण आकडा उपकरणानं मोजायचा सोडला तरी कुणीतरी मोजायलाच हवा, हे मलाही मान्य होतं. मोजणी मध्यवर्ती लॉगवर आणली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार 180 दिवसांचे लॉग आम्हाला ठेवावे लागतातच. 90 दिवसांचा हिशेब काढायला ते पुरून उरतात. एका बाजूला रात्रीच्या कॉन्फिग बॅकअपमधून प्रत्येक उपकरणावरची लोकल खाती काढायची. दुसऱ्या बाजूला सिसलॉगमधली, म्हणजे उपकरणांनी पाठवलेल्या लॉगमधली, लॉगिनची नोंद: कॉमवेअर ती स्वतःहून पाठवतो, सिस्कोला 'लॉगिन ऑन-सक्सेस लॉग' सांगावं लागतं. पायथनची छोटी स्क्रिप्ट दोन्ही जुळवते आणि दर सोमवारी यादी मेल करते: खातं, उपकरण, शेवटचं लॉगिन, आणि रजिस्टरप्रमाणे मालक कोण. स्क्रिप्ट काहीही पुसत नाही. पुसायचं काम माणूस करतो, आणि ते तसंच राहावं असं माझं ठाम मत आहे.

पहिली यादी आली तेव्हा अनेक स्विचवर 'सपोर्ट' नावाचं, सगळ्यात वरच्या प्रिव्हिलेजचं खातं निघालं. कुणाचं, कुणालाच सांगता येईना. मॅनेजरसाहेब म्हणाले, "राहू द्या, लागलं तर?" हा 'लागलं तर' आमच्या क्षेत्रातला सगळ्यात दीर्घायुषी प्राणी. मी त्यांना विचारलं, पासवर्ड कुणाकडे आहे? कुणाकडेच नव्हता. म्हणजे आपल्यापैकी कुणाकडे नव्हता. त्याच दुपारी ती खाती पुसली आणि नंतर एकही फोन आला नाही.

पाकिटातल्या खात्यासाठी मात्र वेगळी रीत. दर मे महिन्यात, मान्सूनचे ढग जमायच्या आत, आम्ही शाखेगणिक एक तालीम करतो. त्यासाठी कुणाला कुठे जावं लागत नाही. मुख्य कार्यालयाच्या फायरवॉलवर त्या शाखेकडून येणारा टीसीपी 49 पोर्ट, म्हणजे टॅकॅक्सचा, थोडा वेळ अडवायचा. राउटरला वाटतं सर्व्हर गेला. मग शाखेतल्या माणसानं पाकीट फोडून कन्सोलवरून आत यायचं, 4जी कडे वळवायच्या ओळी टाकून बघायच्या, परत काढायच्या. पोर्ट उघडल्यावर मी नवा पासवर्ड टाकते, नवं पाकीट सील होतं, दोघांच्या सह्या होतात. आयडल-टाइम ज्या बॉक्सवर चालू ठेवायचा असेल तिथे हीच तालीम 90 दिवसांच्या आत करत राहिलं तरी खातं जिवंत राहतं. आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत, म्हणून शून्य. तालमीत पहिल्या वर्षी काय काय निघालं ते विचारू नका: कन्सोल केबल गायब, लॅपटॉपला यूएसबीचा ड्रायव्हर नाही, एका पाकिटात भलत्याच शाखेचा पासवर्ड.

या सगळ्याआधी एक काम करून घ्या, ते म्हणजे घड्याळ. दिवस मोजणारा प्रत्येक नियम उपकरणाच्या घड्याळावर उभा आहे. सिस्कोचा जुना कॅटलिस्ट स्विच वीज जाऊन आला की एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून येणारी अचूक वेळ, मिळेपर्यंत तो 1 मार्च 1993 मध्ये असतो. लॉगच्या ओळीआधी फुली (*) दिसली की समजायचं, या तारखेवर त्याचाच विश्वास नाही. मुदत दिलेलं खातं अशा चुकलेल्या घड्याळाच्या बॉक्सवर पुन्हा जिवंत होईल, कारण त्याच्या लेखी मुदत यायला अजून तीस वर्षं आहेत. आयडलच्या बाबतीत उलटं. जुन्या तारखेत कुणी लॉगिन केलं आणि मग एनटीपीनं घड्याळ पुढे नेलं, की हिशेबानं ते खातं एका क्षणात कित्येक वर्षं निष्क्रिय. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलंय. ती अट आम्ही आधी नाइलाजानं पाळली होती, आता आवडीनं पाळतो.

राहिली एटीएमच्या ठिकाणची मायक्रोटिक कंपनीची राउटर. 2018 मध्ये विनबॉक्स या त्यांच्या नियंत्रणाच्या प्रोग्रॅमशी निगडित एका छिद्रातून यांचा अख्खा युझर डेटाबेस बाहेरून वाचता येत होता, आणि तेव्हा त्यातले पासवर्ड सहज उलगडत. वापरातलं खातं असो की धूळ खात पडलेलं, पासवर्ड दोघांचाही जात होता. म्हणून तिथे जेवढी कमी खाती तेवढं बरं. राउटरओएस, म्हणजे यांची सिस्टिम, प्रत्येक खात्यासमोर 'लास्ट-लॉग्ड-इन' दाखवतो, त्यावरून जुनी खाती डिसेबल करणारी स्क्रिप्ट शेड्युलरमध्ये घालता येते. मी ती लिहायला घेतली आणि अडकले ते तारखेच्या मांडणीत. 7.10 पासून तारीख वर्ष-महिना-दिवस अशी येते, त्याआधी महिन्याचं तीन अक्षरी नाव आधी यायचं, आणि आमच्याकडे दोन्ही आहेत. सध्या आधी सगळ्यांचं व्हर्जन एकसारखं करून घेतेय. स्क्रिप्ट त्यानंतर, आणि तिच्यातही पाकिटातलं खातं नावानिशी वगळलेलं असेल.